मावा संपल्यावर ढालकिडा काय खातो? मोनार्क फुलपाखरू आणि आयात केलेला मित्रकीटक : एक प्रकरण अभ्यास

जुलै संपत आलेला. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात मक्याला तुरे आलेले असतात, शेजारच्या शेतात सोयाबीन कमरेला लागलेलं असतं आणि दोन्ही शेतांच्या मधल्या बांधावर मिल्कवीडची पाच-सात झाडं तग धरून असतात. मिल्कवीड म्हणजे आपल्या रुईच्या कुळातली वनस्पती. पान तोडलं की तसाच पांढरा चीक. मोनार्क फुलपाखराची मादी तिथे उतरते, पायांनी पान चाचपून ओळखते, पोट वाकवून पानाच्या खालच्या बाजूला एकच अंडं चिकटवते आणि पुढच्या झाडाकडे जाते. अंडं टाचणीच्या डोक्याएवढं. तीन ते पाच दिवसांत त्यातून अळी निघायला हवी.

त्याच बांधावर, पुष्कळदा त्याच झाडावर, एक ढालकिडा फिरत असतो. नारिंगी-लाल पाठ, तिच्यावर काळे ठिपके, डोक्यामागच्या पांढऱ्या भागावर इंग्रजी 'एम'सारखी खूण. शेतकऱ्याच्या लेखी हा मित्रकीटक, कारण तो मावा, म्हणजे झाडांचा रस शोषणारी बारीक कीड, खातो. पण तो इथला नाही आणि तो फक्त मावाच खातो असंही नाही. त्या अंड्याचं पुढे काय होतं, ते कोण मोजतं आणि मोजणं इतकं अवघड का, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

पाहुणा कसा आला

या किड्याचं शास्त्रीय नाव हार्मोनिया ॲक्सिरिडिस. मूळ घर पूर्व आशिया : चीन, जपान, कोरिया आणि रशियाचा पूर्वेकडचा भाग. अमेरिकेत तो पहिल्यांदा १९१६ मध्ये कॅलिफोर्नियात सोडला गेला. त्यामागे एक जुना विजय होता. १८८८-८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागा पांढऱ्या कापसासारख्या खवले किडीने नासत चालल्या होत्या. तेव्हा ऑस्ट्रेलियातून वेडालिया नावाचा एक ढालकिडा आणला आणि थोड्याच काळात बागा वाचल्या. जैविक कीड नियंत्रणाच्या इतिहासात हे उदाहरण आजही पहिल्या पानावर असतं. तेव्हापासून ढालकिडा म्हणजे मित्रच, ही समजूत पक्की झाली.

त्या समजुतीत एक महत्त्वाचा फरक हरवला. वेडालियाचं पोट जवळजवळ त्या एकाच खवले किडीवर भरतं. हार्मोनियाचं तसं नाही. तो मावा खातो, खवले कीड खातो, पतंगांची अंडी आणि कोवळ्या अळ्या खातो, इतर ढालकिड्यांची अंडी आणि अळ्या खातो, परागकणांवर भागवतो आणि शरद ऋतूत पिकलेल्या फळांवरही बसतो. आणणाऱ्यांना हा गुणच वाटला. कीड कमी झाली तरी किडा उपाशी मरणार नाही, शेतातच टिकून राहील, असा हिशेब होता. माझ्या मते साऱ्या प्रकरणाची गोम इथेच आहे. ज्या गुणासाठी त्याला निवडलं, तोच गुण बांधावरच्या अंड्याला महागात पडतो. हा किडा बिघडलेला नाही की वाट चुकलेला नाही. त्याच्याकडून जे अपेक्षित होतं तेच तो करतो आहे, फक्त शेताची हद्द त्याला कळत नाही.

१९१६ नंतर अनेक वर्षं सोडलेले किडे टिकल्याचं दिसलं नाही. १९७० आणि १९८० च्या दशकांत अमेरिकेच्या कृषी खात्याने ते पुन्हा बऱ्याच राज्यांत सोडले. जॉर्जियातल्या पेकानच्या (अक्रोडासारख्या फळझाडाच्या) बागांत, झाडांवरच्या माव्यासाठी. तिथेही लगेच काही दिसलं नाही. मग १९८८ मध्ये लुइझियाना राज्यात हा किडा स्थिरावलेला सापडला. ही सोडलेल्या किड्यांची संतती की मालवाहू जहाजातून चुकून आलेली वेगळी टोळी, याचा वाद पूर्ण मिटलेला नाही. पुढचं मात्र स्पष्ट आहे. दहा-बारा वर्षांत तो अमेरिकेच्या बऱ्याच भागात आणि दक्षिण कॅनडात पसरला. पुढे जनुकीय अभ्यासातून असंही दिसलं की युरोप, दक्षिण अमेरिका आणि आफ्रिकेत पसरलेल्या हार्मोनियाच्या वंशात या पूर्व अमेरिकेतल्या टोळीचा मोठा वाटा आहे.

आणि २००० साली सोयाबीनवरचा मावा अमेरिकेत सापडला. तोही आशियातलाच. ढालकिड्याला परक्या मुलखात माहेरचं जेवण मिळालं, तेही लाखो एकरांवर वाढून ठेवलेलं. हार्मोनियाची मादी एका वेळी साधारण वीस-तीस अंड्यांचा पुंजका घालते आणि आयुष्यात हजाराहून जास्त अंडी घालू शकते. मका आणि सोयाबीन यांच्या त्या पट्ट्यात या किड्याची संख्या इतकी वाढली, की शरद ऋतूत थंडीपासून आडोसा शोधत हजारोंनी घरांत शिरणारे ढालकिडे हा तिथला दरवर्षीचा त्रास झाला.

काचेच्या बशीतून शेतापर्यंत

हा किडा मोनार्कला धोका ठरू शकतो का, हा प्रश्न मिनेसोटा विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांनी २००३ च्या सुमारास नीट हाती घेतला. त्याआधी मोनार्क आणि शेती यांच्यावर एक मोठा वाद होऊन गेला होता. १९९९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगात कीडनाशक जनुक घातलेल्या बीटी मक्याचे परागकण लावलेली मिल्कवीडची पानं खाऊन मोनार्कच्या अळ्या मेल्या होत्या आणि साऱ्या जगाचं लक्ष मक्याच्या शेतातल्या मिल्कवीडकडे गेलं होतं. पुढच्या मोजमापांत शेतातला प्रत्यक्ष धोका बराच कमी निघाला. पण त्या मोजमापांतूनच एक गोष्ट ठळक झाली : मोनार्कची फार मोठी पैदास मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांत, पिकाच्या ओळींमध्ये उगवणाऱ्या मिल्कवीडवर त्या काळी होत असे. म्हणजे ढालकिडा आणि मोनार्क एकाच जागी राहतात. तुरे आले की ढालकिडे परागकण आणि माव्यासाठी मक्यात येतात, आणि मोनार्कची उन्हाळ्यातली शेवटची पिढीही साधारण तेव्हाच अंड्यात आणि कोवळ्या अळीत असते.

ही शेवटची पिढी वेगळी आहे. आधीच्या पिढ्यांची फुलपाखरं काही आठवडे जगतात. ही मात्र जननक्षमता लांबणीवर टाकून जवळजवळ तीन हजार किलोमीटर दक्षिणेला जातात, मेक्सिकोच्या मध्य भागातल्या डोंगरांवर ओयामेल जातीच्या झाडांना लगडून हिवाळा काढतात आणि वसंतात परत निघतात. जुलैअखेर बांधावर गेलेलं एक अंडं म्हणजे त्या थव्यातून वजा झालेलं एक फुलपाखरू असू शकतं.

प्रयोगांची सुरुवात नेहमीसारखी झाली : बशीत अंडं किंवा अळी, आणि सोबत ढालकिडा. हार्मोनियाच्या मोठ्या अळ्यांनी आणि प्रौढ किड्यांनी मोनार्कची अंडी खाल्ली, कोवळ्या अळ्याही खाल्ल्या. अळी जसजशी वाढते तसतशी ती त्याच्या आवाक्याबाहेर जाते, म्हणजे धोका सर्वांत लहान वयातच सर्वांत जास्त. मिल्कवीडमधून मिळालेली विषद्रव्यं मोनार्कला पक्ष्यांपासून चांगली वाचवतात, पण या किड्याला त्यांनी रोखलं नाही.

अशा प्रयोगावर घाईने विसंबून चालत नाही. बंद बशीत दुसरं काहीच नसेल तर पुष्कळ परभक्षी, म्हणजे दुसऱ्या जिवांना मारून खाणारे कीटक, समोर आहे ते खातात. म्हणून पुढची पायरी होती झाडावर जाळी लावून केलेले प्रयोग, आणि तिथेही ढालकिडा असताना मोनार्कची पिल्लं जास्त गेली. मग सर्वांत उपयोगी प्रश्न विचारला गेला : सोबत मावा असेल तर? उत्तर अपेक्षेसारखंच आलं. मावा भरपूर असेल तर ढालकिडा त्यावर गुंततो आणि मोनार्कच्या अळ्यांवरचा मारा कमी होतो.

हे ऐकून बरं वाटतं, पण इथे थोडं थांबून पाहायला हवं. मावा ढालकिड्याचं पोट भरतो हे खरं, पण मावाच त्याला त्या झाडावर बोलावतोही. मिल्कवीडवर बहुतेक वेळा पिवळाधमक मावा असतो, कण्हेरीवरही येतो तोच. तोही या खंडाबाहेरून आलेला. शिवाय मावा कायम राहत नाही. सोयाबीनवरचा मावा जुलै-ऑगस्टमध्ये शिगेला पोचतो आणि मग बुरशी, परभक्षी किंवा फवारणी यांनी कोसळतो. त्या दिवसापर्यंत ढालकिड्यांची एक भरगच्च पिढी त्यावर वाढलेली असते. ताट रिकामं झालं की ती पिढी निघते कुठे? शेताच्या कडेला. पिकातला परभक्षी पीक संपल्यावर शेजारच्या रानात सांडतो, हे परिसंस्थाशास्त्रात ओळखीचं चित्र आहे. मला या प्रकरणात सर्वांत जास्त काळजी वाटते ती या काही दिवसांची. जाळीतल्या प्रयोगात माव्याची संख्या ठरवून ठेवता येते, शेतात तिचा तोल एका आठवड्यात उलटतो.

रिकाम्या पानाची साक्ष

मग सरळ शेतात जाऊन मोजत का नाहीत? मोजतात, पण पुरावा हातात टिकत नाही.

याच देशातलं दुसरं एक प्रकरण शेजारी ठेवलं की फरक कळतो. १९०६ पासून स्पंजी मॉथ या पतंगाचा बंदोबस्त करण्यासाठी युरोपातून कॉम्प्सिल्युरा नावाची परजीवी माशी आणून सोडण्यात आली. ती १८० हून जास्त जातींच्या अळ्यांत वाढू शकते, आणि अमेरिकेच्या ईशान्येतल्या मोठ्या देखण्या रेशीमपतंगांच्या ऱ्हासात तिचा मोठा हात असल्याचं २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात समोर आलं. ते दाखवता आलं, कारण परजीवी आपली खूण यजमानाच्या देहात सोडतो. अळ्या झाडावर ठेवायच्या, काही दिवसांनी गोळा करून आणायच्या, आतून काय निघतं ते पाहायचं. परभक्षी असं काही मागे ठेवत नाही. सकाळी पानाखाली अंडं होतं, संध्याकाळी नाही. ढालकिड्याने खाल्लं, मुंगीने नेलं, की पावसाने धुतलं? रिकामं पान सगळ्यांची साक्ष सारखीच देतं.

संशयितही पुष्कळ आहेत. मिशिगन राज्य विद्यापीठातल्या डग्लस लँडिस यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं की मोनार्कची अंडी आणि नुकत्याच निघालेल्या अळ्या खाणारे कीटक आधी समजत होते त्यापेक्षा कितीतरी जास्त प्रकारचे आहेत. त्यांत मुंग्या, कोळी आणि ढालकिड्यांच्या जोडीला रात्री फिरणारे, दिवसाच्या पाहणीत कधीच न सापडणारे कीटकही आहेत. मोनार्कची मादी तीनशे ते पाचशे अंडी घालते आणि त्यांतली बहुतेक, नव्वद टक्क्यांहून जास्त, प्रौढ व्हायच्या आत संपतात. हे हार्मोनिया येण्याआधीही असंच होतं.

म्हणून खरा प्रश्न 'ढालकिडा अंडी खातो का' हा नाही. त्याने खाल्लेली अंडी नाहीतरी दुसऱ्या कुणी खाल्लीच असती, की ही वरची भर आहे, हा आहे. पहिलं खरं असेल तर फुलपाखरांच्या एकूण संख्येत फरक पडत नाही. दुसरं खरं असेल तर दरवर्षी थोडी थोडी झीज होत जाते. आणि इथे हार्मोनियाचं आणखी एक काम आड येतं : तो स्थानिक ढालकिड्यांची अंडी-अळ्याही खातो आणि त्यांची जागा घेतो. न्यूयॉर्क राज्याने राज्यकीटक म्हणून मिरवलेला नऊ ठिपक्यांचा ढालकिडा एकेकाळी सगळीकडे दिसायचा. परके ढालकिडे पसरण्याच्या काळातच तो इतका दुर्मीळ झाला की पूर्वेकडे तो उरलाय की नाही याचीच शंका होती. २००६ मध्ये व्हर्जिनियात तो दोन लहान मुलांना पुन्हा दिसला, तेव्हा ती बातमी झाली. म्हणजे आज मिल्कवीडवर भेटणारा ढालकिडा काही ठिकाणी जुन्या ढालकिड्याच्या जागी आलेला आहे, पण तो संख्येने जास्त असतो आणि हंगामात उशिरापर्यंत फिरतो. बदली आणि भर, दोन्ही एकाच किड्यात आहेत.

ज्याचा दोष जास्त

ढालकिड्यावर सगळं ढकलणं अन्यायाचं होईल. मोनार्कच्या घसरणीचं मुख्य कारण दुसरंच आहे आणि ते मोजलेलं आहे. १९९६ पासून ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करणारं सोयाबीन आणि त्यानंतर तसाच मका आला. तणनाशक उभ्या पिकावर मारता येऊ लागलं आणि पिकातलं मिल्कवीड संपलं. जॉन प्लेझंट्स आणि कॅरन ओबरहाउझर या संशोधकांनी दाखवलं की १९९९ ते २०१० या काळात अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातलं मिल्कवीड ५८ टक्क्यांनी आणि तिथली मोनार्कची पैदास ८१ टक्क्यांनी घटली. पैदास जास्त का घसरली? कारण शेतातल्या मिल्कवीडवर मोनार्क माद्या शेताबाहेरच्या झाडापेक्षा जवळजवळ चौपट अंडी घालत. गेलं ते सर्वांत चांगलं मिल्कवीड. मेक्सिकोत हिवाळा काढणारी फुलपाखरं हेक्टरांत मोजतात. १९९६-९७ मध्ये ती १८ हेक्टरांवर होती, २०१३-१४ मध्ये ०.६७ हेक्टरवर. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या वन्यजीव खात्याने मोनार्कला 'धोक्यात आलेली जात' असा कायदेशीर दर्जा देण्याचा प्रस्ताव मांडला.

मग ढालकिड्याची एवढी चर्चा कशाला? कारण तणनाशकानंतर मिल्कवीड उरलं ते मुख्यतः बांधांवर, रस्त्यांच्या कडेला आणि शेताला लागून राखलेल्या गवताळ पट्ट्यांत. पूर्वी हजारो एकरांत विखुरलेली अंडी आता अरुंद पट्ट्यांत एकवटतात आणि हेच पट्टे मावा कोसळल्यावर बाहेर पडणाऱ्या ढालकिड्यांच्या वाटेवर येतात. जे नुकसान विस्तीर्ण रानात नगण्य ठरलं असतं, ते सहा हात रुंदीच्या बांधावर नगण्य राहीलच असं नाही. तणनाशकाने घर लहान केलं, आणि लहान घरात एक खादाड पाहुणाही मोठा होतो.

एका दुसऱ्या फुलपाखराच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक टोकाची आहे. कार्नर ब्लू हे इवलंसं निळं फुलपाखरू. कादंबरीकार व्लादिमिर नाबोकोव्ह फुलपाखरांचेही अभ्यासक होते, त्यांनी १९४० च्या दशकात त्याचं शास्त्रीय नामकरण केलं. त्याची अळी फक्त रानटी लुपिनची पानं खाते. १९९२ पासून अमेरिकेच्या कायद्याने ते 'संकटग्रस्त' आहे. विस्कॉन्सिनमध्ये लुपिनची रानं आणि शेतं शेजारी शेजारी आहेत, आणि तिथल्या लुपिनवर अभ्यासकांना सात ठिपक्यांचा ढालकिडा सापडला. हाही बाहेरचाच : १९५६ ते १९७१ या काळात युरेशियातून आणून पुन्हा पुन्हा सोडलेला, १९७३ मध्ये न्यू जर्सीत स्थिरावलेला आढळला, आणि पुढे सरकारी यंत्रणेनेच गव्हावरच्या माव्यासाठी राज्याराज्यांत नेऊन पसरवलेला. कार्नर ब्लूच्या अळ्या आणि तो एकाच झाडावर, एकाच वेळी होते. तो अळी खातानाही दिसला. मोनार्क अजून लाखोंनी आहे आणि खंडभर फिरतो. कार्नर ब्लूच्या एखाद्या वसाहतीत थोडीच फुलपाखरं उरलेली असतात आणि ती फार लांब जात नाहीत. तिथे थोड्या अळ्या गेल्या तरी पूर्ण वसाहतच डळमळते.

दोन वह्या

या प्रकरणात ढालकिड्याच्या जमेच्या बाजूलाही मोठा आकडा आहे आणि तो लपवणं अप्रामाणिक ठरेल. लँडिस आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हिशेब मांडला : आयोवा, मिशिगन, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या चार राज्यांत मित्रकीटक सोयाबीनवरच्या माव्याला आवर घालतात, त्याची किंमत वर्षाला किमान २३.९ कोटी डॉलर. या मित्रकीटकांत ढालकिड्यांचा वाटा मोठा आहे, परक्या ढालकिड्यांचाही. ते नसते तर तेवढ्या जास्त शेतांत कीटकनाशक फवारलं गेलं असतं आणि फवाऱ्याचे थेंब वाऱ्याने बांधावरच्या मिल्कवीडवरही गेले असते. मोनार्कच्या अळीला ते ढालकिड्याइतकंच घातक, बहुधा जास्तच.

पण हा हिशेब एकाच वहीत आहे. किडा आणायचं ठरलं तेव्हा पिकाची वही उघडली होती, फुलपाखराची वही त्या टेबलावर नव्हतीच. १९१६ मध्ये काय किंवा १९७८ मध्ये काय, बाहेरून आणलेला परभक्षी पिकाबाहेर काय खाईल याची चाचणी घेणं बंधनकारक नव्हतं. परक्या मित्रकीटकांच्या आयातीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची आचारसंहिता आली ती १९९० च्या दशकाच्या मध्याला, आणि २००५ मध्ये ती सुधारली. मोनार्कवरचे प्रयोग तर किडा देशभर पसरल्यानंतर झाले. बशीत अंडं ठेवून पाहायला फार खर्च येत नाही, फार वेळही लागत नाही. ते आधी झालं असतं तर? तरीही किडा कदाचित आणला गेला असता, पण किंमत माहीत असताना. या न विचारलेल्या प्रश्नाचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता परत पाठवणं शक्य नाही. प्रश्न उरतो तो बांधाचा. मावा दिसला की लगेच फवारायचं नाही, ही तिथल्या कृषी विद्यापीठांची शिफारस आहे : सरासरी एका झाडावर २५० मावा किडे होऊन संख्या वाढतच असेल तरच फवारणी. त्यामुळे माव्याचं ताट एका दिवसात उलटत नाही आणि ढालकिडे एकदम बांधावर लोटले जाण्याचा संभवही कमी होतो, असं मला वाटतं. मिल्कवीड नव्याने लावायचं असेल तर सोयाबीनला चिकटून एका ओळीत लावण्यापेक्षा शेतापासून दूर, रुंद तुकड्यात लावणंही मला जास्त शहाणपणाचं दिसतं.

मात्र सर्वांत आशादायक गोष्ट एका साध्या कापणीतून पुढे आली. मिशिगनमध्ये गवताळ रानातल्या मिल्कवीडचे काही पट्टे उन्हाळ्याच्या मध्यावर कापले गेले. काही आठवड्यांत बुंध्यातून कोवळे कोंब आले. जुन्या, राठ झाडांपेक्षा या कोंबांवर मोनार्क माद्यांनी जास्त अंडी घातली, आणि तिथे परभक्षी कीटक कमी सापडले, कारण कापणीने त्यांचं बस्तान उठलं होतं आणि ते अजून पुरेसे परतले नव्हते. सगळा पट्टा एकदम कापायचा नाही, एक तुकडा कापायचा आणि बाकीचा उभा ठेवायचा, म्हणजे उभ्या झाडांवरच्या अळ्या वाचतात. आणि ऑगस्ट उजाडायच्या आत कापून मोकळं व्हायचं, कारण त्यानंतर यंत्राच्या पात्याखाली मेक्सिकोला निघायच्या पिढीच्याच अळ्या येतात.